घरी मोठे फोटो छापायचे तर शाई परवडते का? (ठाणे / नवी मुंबई)

खाडीकाठची (ऐरोली)

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं हिवाळ्यात खाडीवर जाऊन रोहित पक्ष्यांचे फोटो काढतेय. यंदा सोसायटीच्या गणपतीत त्यातले वीस फोटो लावायचं ठरलंय. आकार १२×१८ इंच. (हे कमिटीने ठरवलं, मला कोणी विचारलं नाही.)

घरी साधा कार्ट्रिजवाला ए४ प्रिंटर आहे. सराव म्हणून त्यावर ए४ फोटो काढून बघितले. बाराशे रुपयांची नवी रंगीत कार्ट्रिज, खोक्यावर १५० पानं लिहिलेलं, आणि माझे मोजून नऊ फोटो निघाले! त्यातले शेवटचे दोन तर असे, की पक्षी हिरवट दिसतायत. दुकानात गेले तर त्याने एप्सनचा सहा रंगांच्या टाकीवाला एल-१८०५० दाखवला. किंमत ऐकून मुकाट्याने घरी आले.

प्रश्न असा, की टाकीवाला घेतला तर मोठ्या फोटोला शाई खरंच स्वस्त पडते का? की सरळ फोटो लॅबमध्ये द्यावं?

नौपाडेकर

लॅब. पुढचा प्रश्न?

शाईचे_डाग (कोपरखैरणे)

ताई, नौपाडेकरांचं उत्तर बरोबर असेलही, पण मी चार वर्षं घरी छापतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या १५० पानांबद्दल. तो आकडा खोटा नसतो, फक्त तो ऑफिसच्या कागदांचा असतो. त्या चाचणीच्या पानावर थोडा मजकूर, एखादा आलेख, बाकी पांढरं. फोटोत पांढरं कुठे असतं? कडेपासून कडेपर्यंत शाई. त्यात तुमचे फोटो खाडीचे. तुम्हाला वाटेल गुलाबी रंग शाई खातो, पण खरा खादाड तो चिखल. करडा-तपकिरी रंग करायला प्रिंटर तिन्ही रंग एकावर एक ओततो. फिकट गुलाबीला त्यामानाने थोडेच ठिपके लागतात. तीन रंग एकाच डबीत असले, की एक संपला तरी उरलेले दोन कचऱ्यात जातात. तुमचे पक्षी हिरवट झाले म्हणजे लाल (मॅजेंटा) संपला होता.

आता हिशेब. १२×१८ म्हणजे २१६ चौरस इंच, ए४ च्या जवळजवळ सव्वादोन पट. तुमच्या कार्ट्रिजच्या भावाने ए४ ला १३३ रुपये शाई पडली, म्हणजे १२×१८ ला तीनशेच्या आसपास. वीस फोटोंचे सहा हजार. आणि तो प्रिंटर एवढा कागद घेतही नाही, तो भाग वेगळाच.

टाकीवाल्याचं गणित वेगळं. मी एकदा सलग वीस फोटो काढले तेव्हा टाक्यांवर खुणा करून मोजलं होतं. सर्वांत चांगल्या क्वालिटीला १२×१८ मागे साधारण दोन मिली शाई गेली. माझ्या बिलावरून मिलीला दहाएक रुपये पडतात. म्हणजे शाई वीस रुपयांची, कागद तिच्यापेक्षा महाग! (१२×१८ ला ए३+ चा कागद लागतो, साधा ए३ लांबीला १६.५ इंचच भरतो.)

इथवर वाचून मशीन घ्यायला निघाला असाल तर थांबा. मागच्या वर्षी मी ७० मिलीच्या सहा बाटल्या ओतल्या, म्हणजे ४२० मिली. वहीत नोंद १३० फोटोंची, म्हणजे २६० मिलीची. उरलेले १६० मिली हेड (कागदावर शाई फवारणारा भाग) साफ करण्यात गेले आणि मशीनच्या आतल्या स्पंजने प्यायले. कारण मे महिन्यात गावी गेलो, महिनाभर मशीन बंद, हेड सुकलं. क्लीनिंगवर क्लीनिंग. बायको म्हणाली, एवढ्यात रंगपंचमी झाली असती.

जुनी_निगेटिव्ह

यात माझी एक भर. मशीन बंद करताना मशीनच्याच बटणाने करा, भिंतीवरच्या बटणाने नाही. मशीनच्या बटणाने केलं की हेड टोपीखाली जाऊन बसतं. मध्येच करंट तोडला तर उघडं राहून सुकतं. आणि आठवड्याला एक रंगीत पान काढाच, मग ते भाजीची यादी का असेना. बिनबॉर्डर छापलं की कागदाबाहेरही थोडी शाई उडते, ती वाया. अर्धा इंच पांढरी चौकट सोडा, फ्रेममध्येही छान दिसते.

नौपाडेकर

आता माझं लांब उत्तर. बहुतेक लॅबमध्ये शाई नसतेच. लेझरच्या प्रकाशाने फोटोच्या कागदावर चित्र उमटवून केमिकलमध्ये धुतात. त्यामुळे चिखल असो की ढग, भाव तोच. शिवाय तुमचं प्रदर्शन गणपतीत, म्हणजे भर पावसात. टाकीवाल्या मशीनचे रंग बहुतेक डायचे, म्हणजे पाण्यात विरघळणारे असतात. प्रसादाचा ओला हात लागला की पक्षी वाहून जायचा. लॅबच्या फोटोला थेंबभर पाण्याने तसं होत नाही. मांडवातल्या दिव्यांखाली ग्लॉसी चमकेल, मॅट घ्या.

दोन गोष्टी मात्र काउंटरवर बजावून सांगा. फाइल एसआरजीबीमध्ये (फाइलमधले रंग मांडायची नेहमीची पद्धत) आहे, आणि "करेक्शन करू नका". मी एकदा सांगायचं विसरलो, तर ऑपरेटरने लग्नाच्या फोटोंसारखी सरसकट दुरुस्ती केली आणि माझे पक्षी केशरी झाले. आधी एक ४×६ काढून बघा. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे पाठवू नका, पेनड्राइव्हवर न्या.

रिकामा_ट्रायपॉड

फाइल ३६००×५४०० पिक्सेलची असेल तर उत्तम. २४००×३६०० ही चालते, हातभर अंतरावरून कोणाला कळत नाही. पण पक्षी लांब होता म्हणून भरपूर क्रॉप केला असेल, तर मोजून बघा.

शाईचे_डाग (कोपरखैरणे)

बरोबर. वीस फोटोंसाठी मशीन नको. दर आठवड्याला दोन-तीन मोठे काढणार असाल, स्वतः रंग जुळवत बसायची हौस असेल, तर घ्या. मला ती हौस आहे, म्हणून मी स्पंजला शाई पाजतो.

खाडीकाठची (ऐरोली)

सगळ्यांचे आभार. पिक्सेल मोजले, सहा फोटो बाद झाले. उरलेले चौदा लॅबला देतेय, शनिवारी ठाण्याला जाऊन आधी ४×६ बघेन. कमिटीला सांगितलं, सहा जागांवर खाडीचा नकाशा लावा.

घरचा प्रिंटर काढून टाकावा का?

जुनी_निगेटिव्ह

घरात शाळकरी पोरं आहेत का?

खाडीकाठची (ऐरोली)

दोन.

जुनी_निगेटिव्ह

मग राहू द्या. रात्री साडेदहाला प्रोजेक्ट आठवतो तेव्हा लॅब बंद असते.