गाडीतला आवाज मध्येच गप्प होतो... तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठ
काल आईला घेऊन नरसोबाच्या वाडीला गेले होते. परत येताना जयसिंगपूर सोडलं आणि गाडीतला आवाज गेला. स्क्रीन काळी, मग कंपनीचं चिन्ह, मग सगळं पहिल्यापासून. हातकणंगल्यापर्यंत तीनदा. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "दे की एक दणका, बाबा द्यायचे तसा."
आणि बाबांची जीप डोळ्यांसमोर आली. डॅशबोर्डखाली पट्टीने अडकवलेला रेडिओ, पहाटे शेताकडे जाताना सांगली आकाशवाणी, खड्डा आला की मुका. बाबा मुठीने एकच हाणायचे आणि बातम्या पुन्हा सुरू. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. काल तो दणका अगदी कानात वाजला.
आत्ताची गाडी सात सीटची, तीन वर्षांची, ४१ हजार किलोमीटर. इंजिन, क्लच, ब्रेक, एका शब्दाची तक्रार नाही. पण या आवाजापायी दोनदा सर्व्हिस सेंटरला नेली. दोन्ही वेळा तिथे तासभर व्यवस्थित चालली. "ताई, काही फॉल्ट दिसत नाही." घरचे म्हणतात गाण्यासाठी एवढं काय मनाला लावून घेतेस. अहो, पण रिव्हर्सचा कॅमेरा त्याच स्क्रीनवर आहे! कुणाला असं झालंय का? शेवटी काय निघालं? सविस्तर लिहा.

खंडोबा वेस
ताई पुढच्या वेळी व्हिडिओ काढा. तुम्ही चालवत असला तर शेजारच्याला काढायला सांगा. किलोमीटरचा आकडा दिसला पाहिजे. आणि जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर, तक्रार लिहून घ्या, नुसतं तोंडी सांगून येऊ नका. आमची चौथ्या खेपेला लिहिली त्यांनी. वॉरंटी संपल्यावर तोच कागद कामाला आला.
बाबांचं वाचून गलबललं.

दूधकट्टा
वाडीला जाऊन बासुंदी आणली का नाही?

कृष्णाकाठ
आणली. कवठाची बर्फी पण. :)

उद्यमनगरी
माझं तर लय दिवस चाललंतं. मागचा डावा दरवाजा. दार उघडलं की स्पीकर वाजायचा, लावलं की बंद. पोरगं म्हणायचं पप्पा दार उघडंच ठेवून जाऊया. आधी स्पीकर बदलला, अडीच हजार गेले, फरक शून्य. मग कुणीतरी स्क्रीनच खराब आहे म्हणालं, तिची किंमत ऐकून घरी आलो.
शेवटी आमच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या वायरिंगवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी स्पीकरला हातच लावला नाही. दार आणि खांब यांच्या मध्ये रबराचा भाता असतो बघा, तो मागं सरकवला. आतली एक वायर वरून धडधाकट, पण चिमटीत धरून ओढली तर रबरासारखी ताणली. आतलं तांबं तुटलेलं. दार रोज उघडमीट करून वायर तिथंच वाकते आणि तिथंच जाते. दार उघडलं की तुटकी टोकं टेकायची, म्हणून वाजायचं. मामांनी मऊ वायरीचा तुकडा घालून डाग दिला, वर स्लीव्ह. साडेतीनशे रुपये आणि एक चहा.
त्याच भात्यातनं पॉवर विंडोच्या आणि सेंट्रल लॉकच्या वायरी पण जातात. ज्यांची काच कधी चढते कधी नाही, त्यांनी मोटर बदलायच्या आधी तिथं बघा.

मंगळवार पेठ
माझ्याकडे एफएमवर खरखर. १०२.७, आपलं कोल्हापूर आकाशवाणी, आणि खरखर कुठं तर बिंदू चौकात! मला वाटलं अँटेना गेला. एकदा डॅशकॅमचा (समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा) चार्जर सहज काढला तर स्टेशन एकदम स्वच्छ. स्वस्तातल्या चार्जरमध्ये बाराचे पाच व्होल्ट करणारं सर्किट असतं, ते रेडिओच्या पट्ट्यात कचरा सोडतं. चांगला चार्जर घेतला, वायर अँटेनाच्या केबलपासून लांबून फिरवली, संपलं.
पण अॅक्सिलरेटर दिल्यावर शीळ चढत जात असेल तर ते वेगळं. तो अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज करणारा) आवाज, तिथं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर बघायची.

गगनगिरी
या शनिवारी मालवणला निघालोय. करूळ घाट का भुईबावडा?

खंडोबा वेस
पावसात दोन्हीकडे दरड येते भावा. निघताना गगनबावड्यात विचारूनच पुढं जा. घरचे बरोबर असतील तर अंधार पडायच्या आत घाट उतर.

आजरा घनसाळ
आमच्याकडे उंदीर!! घराला लागून उसाचा फड. तोड झाली की त्यातले उंदीर जागा शोधत येतात आणि गाडीचं बॉनेट म्हणजे त्यांना उबदार घर. मी फोनवर बोलले की समोरचे म्हणायचे, वहिनी विहिरीतून बोलताय का. ब्लूटूथ बदलून बघितलं, फोन बदलून बघितला. शेवटी छतावरच्या दिव्याजवळचा माइक उघडला आणि त्याची वायर मागे मागे बघत गेले तर खांबाच्या आत कुरतडलेली. इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरींच्या भोकाचं रबर निसटलं होतं, तिथून आत आले. ते रबर नीट बसवलं, हवा येते तिथे जाळी लावली.
सासूबाई निपाणीहून तंबाखूची पानं आणून बॉनेटमध्ये ठेवतात. वास आहे तोवर उंदीर येत नाहीत, मग पानं बदलावी लागतात. रात्री बॉनेट उघडं ठेवलं तर जास्त फरक पडतो. भाकरी टाकायची राहिलीय, बाकी नंतर लिहिते.

शिरोळचा
२०१९ चा ऑगस्ट. गाडी दारात उभी, पाणी सीटपर्यंत. हायवे शिरोलीला बंद, उचलून न्यायला कुणी येऊ शकत नव्हतं. पाणी उतरल्यावर शेजाऱ्याने गाडी चालू करून बघितली, इंजिन गेलं. आम्ही किल्ली लावली नाही, म्हणून आमचं वाचलं.
आमच्या गाडीत अॅम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरचा आवाज मोठा करणारा डबा, ड्रायव्हरच्या सीटखाली. काढून वाळवला, चालू झाला, घरात सगळ्यांना बरं वाटलं. त्या दिवसांत तेवढी एक गोष्ट चांगली घडली होती. चार महिन्यांनी एकेक स्पीकर जायला लागला. उघडलं तर पिनांवर हिरवं चढलेलं. तोवर विम्याचं मिटवून टाकलं होतं, सर्व्हेअरला ऑडिओ दाखवायचं सुचलंच नव्हतं. ते पैसे खिशातनं. नदीकाठच्या माणसांनी गाडी घेताना अॅम्प कुठं बसवलाय ते विचारा, आणि क्लेमच्या वेळी सीटखालचं सगळं दाखवा. २०२१ ला पाणी वाढायच्या आतच गाडी उंचावर लावून आलो. घरातलं सामान नंतर.

आजरा घनसाळ
वाचून काटा आला दादा. आमचे मामा तेव्हा चिखलीत होते.

शिरोळचा
चिखलीचं तर विचारू नका ताई. सुखरूप निघाले ना मामा?

आजरा घनसाळ
हो, बोटीतून. म्हैस मात्र गेली.

रंकाळा पहाटे
"गाण्यासाठी एवढं काय" म्हणणाऱ्यांना माझं हे दाखवा. आमच्या गाडीत रिव्हर्स सेन्सरचा बीप आणि इंडिकेटरची टकटक, दोन्ही गाण्याच्याच स्पीकरमधून येतात. मला हे माहीत नव्हतं. ऑडिओ आठ दिवस बंद होता, म्हटलं बघू सवडीने. राजारामपुरीत गल्लीतून गाडी मागे घेत होतो, बीप नाही म्हणजे मागे काही नाही असंच डोक्यात बसलेलं. मागे शेजारचं पोर सायकलवर. बायको किंचाळली म्हणून ब्रेक लागला. एक वीत अंतर राहिलं असेल. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी नेऊन उभी केली आणि म्हटलं, आवाज आल्याशिवाय नेणार नाही. फ्यूज गेला होता फक्त.

भवानी मंडप
सहा वर्षं, ९० हजार, ऑडिओला काही नाही. नशीब म्हणायचं.

उद्यमनगरी
@कृष्णाकाठ सेल मारताना स्क्रीन जाते का चालता चालता? सेल मारताना जात असेल तर बॅटरी मोजा, रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे. चालताना जात असेल तर कुठंतरी जोड ढिला आहे. खड्ड्यात जाते का ते बघा.

कृष्णाकाठ
चालताना! आणि हो, हातकणंगल्याच्या अलीकडे रस्ता खराब होता तिथेच दोनदा. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

उद्यमनगरी
मग स्क्रीन काढून मागचा कपलर (वायरी जिथं खोचतात तो जोड) बघायला सांगा. बाहेर कुठं डॅशकॅम नायतर अजून काय बसवून घेतलंय का?

कृष्णाकाठ
गेल्या दिवाळीत डॅशकॅम बसवला.

कृष्णाकाठ
आज जाऊन आले. व्हिडिओ दाखवला, जॉब कार्डवर लिहायला लावलं आणि मेकॅनिकला शेजारी बसवून खराब रस्त्यावर फिरवलं. दुसऱ्या खड्ड्याला स्क्रीन गेली. उघडलं तर मागच्या मोठ्या कपलरचं लॉक बसलेलंच नव्हतं, अर्धवट घुसवलेलं. डॅशकॅमची वायर घेताना काढला असणार. सर्व्हिस सेंटरच्या सपाट फरशीवर तो हलणार तरी कसा! उद्यमनगरी दादा, मनापासून आभार. घरी येऊन आईला सांगितलं, ढिलं होतं, हलल्यावर सुटत होतं. ती म्हणाली, "मग बाबा दुसरं काय करत होते?"

दूधकट्टा
आईंना नमस्कार सांगा. बासुंदी शिल्लक आहे का?