लिलावात जिंकलेल्या वस्तूवरून विक्रेत्याशी वाजलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

धागाकर्ती

मंडळी, ऑनलाइन लिलावात बोली जिंकल्याचा आनंद किती वेळ टिकतो? माझा पार्सल उघडेपर्यंत टिकला.

जुन्या कॅमेऱ्याची लेन्स होती. वर्णनात 'काच स्वच्छ' असं लिहिलेलं. फोटो चार, चारही समोरून. शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावून मी ती मिळवली आणि आठवडाभर स्वतःवरच खूश होते. लेन्स आली, मागून टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. तिरीमिरीत मी लिहिलं, 'तुम्ही मला फसवलंत, मुकाट्याने पैसे परत करा, नाहीतर मी गप्प बसणाऱ्यातली नाही.' विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं : 'जुनी वस्तू आहे, जुनीच असणार.' पुढचे बारा दिवस आम्ही एकमेकांना टोमणे मारत होतो. त्यात लेन्सबद्दल अवाक्षर नव्हतं.

तेराव्या दिवशी आधीचं सगळं सोडून देऊन नवा निरोप लिहिला. 'लिस्टिंगमध्ये काच स्वच्छ असल्याचं म्हटलं आहे. सोबतच्या तीन फोटोंत आतल्या काचेवर बुरशी दिसते. लेन्स परत करून पूर्ण रक्कम आणि परतीचं पोस्टेज मिळावं. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर इथेच मिटेल, नाहीतर मी साईटवर केस उघडेन.' दोन तासांत 'चालेल' आलं. तोच विक्रेता, तीच लेन्स. माझा राग खोटा नव्हता, पण त्याला हो किंवा नाही म्हणता येईल असं काही मी आधीच्या बारा दिवसांत विचारलंच नव्हतं.

तुमचे अनुभव लिहा. जिंकलेले, हरलेले, कंटाळून सोडून दिलेले, सगळे. विकणाऱ्यांनीही लिहा. फक्त आपल्या भांडणातल्या साईटचं आणि विक्रेत्याचं नाव नको, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

घड्याळवेडा

माझा विक्रेता भांडलाच नाही, हाच घोटाळा झाला. इतका गोड माणूस मी पाहिला नाही. मनगटी घड्याळ घेतलं होतं, चावीचं. पार्सल येईना. विचारलं की उत्तर हजर : 'कस्टममध्ये अडकलं असेल, आणखी आठवडाभर वाट बघा.' मग 'आजारी होतो, माफ करा.' मग 'दुसरं पाठवलंय, नंबर उद्या देतो.' मी आपला समजूतदार. एक केस उघडली होती, तीही त्याच्या विनंतीवरून बंद केली, कारण 'केस उघडी असली की माझे पैसे अडकतात, मग मी रिफंड कसा देणार?'

बंद केलेली केस पुन्हा उघडता येत नाही, हे बंद केल्यावर कळलं. त्यानंतर एकही उत्तर आलं नाही. घड्याळ गेलं, पैसेही गेले.

तारीखपंडित

घड्याळवेडा, हे फार जणांचं झालंय. म्हणून मुदतींचं जरा लिहितो.

पेपाल या ऑनलाइन पैसे भरायच्या सेवेत पैसे भरल्यापासून १८० दिवसांत डिस्प्यूट, म्हणजे विक्रेत्याविरुद्धची तक्रार, उघडता येतो. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण उघडलेला डिस्प्यूट २० दिवसांत पुढे नेऊन त्याचा क्लेम केला नाही, म्हणजे निकाल पेपालनेच द्यावा असं सांगितलं नाही, तर तो आपोआप बंद होतो, कायमचा. हा २०चा आकडा कुणाच्या लक्षात नसतो, आणि 'जरा थांबा' म्हणणाऱ्यांच्या बरोबर लक्षात असतो. ईबे या लिलावाच्या साईटवर खरेदीदाराला मिळणाऱ्या हमीत साधारणपणे डिलिव्हरीच्या अंदाजे शेवटच्या तारखेनंतर ३० दिवसांपर्यंत तक्रार नोंदवता येते. विक्रेत्याला उत्तरासाठी कामाचे ३ दिवस मिळतात, त्यात मिटलं नाही तर साईटला मध्ये पडायला सांगायचं. दुसरी साईट असेल तर तिचे आकडे वेगळे असतील, ते बोली लावायच्या आधीच बघून ठेवायचे.

आणि केस उघडी असताना विक्रेता रिफंड देऊ शकत नाही, हे खोटं. रिफंड दिला की केस मिटते. आधी केस बंद आणि मग रिफंड, असं उलटं कधीच करू नका.

निळी_शाई

+१. आमच्याकडे विक्रेत्याने 'मुलाची परीक्षा' हे कारण दोन महिने चालवलं. कुठली परीक्षा असते एवढी?

टाकदौत

माझा किस्सा लांबलचक आहे, बसून वाचा.

शाईचं जुनं पेन. बोली अपेक्षेपेक्षा बरीच कमी वर गेली, तेव्हाच शंका यायला हवी होती. ट्रॅकिंग नंबर आला, रोज बघत होतो, एके दिवशी 'डिलिव्हर्ड' दिसलं. दारात काही नाही, शेजाऱ्यांकडे नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, 'ट्रॅकिंग बघा, मिळालंय.' साईटवर केस उघडली. तीन दिवसांत निकाल : ट्रॅकिंगनुसार वस्तू पोचली आहे, केस विक्रेत्याच्या बाजूने बंद.

इथे माझं डोकं फिरलं होतं, पण बायको म्हणाली, ट्रॅकिंगमध्ये वजन किती दाखवलंय बघ. पेनाच्या पेटीसकट पार्सल पाव किलोच्या आसपास भरायला हवं होतं. दाखवलं होतं वीस ग्रॅम. म्हणजे पाकीट. कुरियरच्या ऑफिसात गेलो. पत्ता सांगायला ते तयार नव्हते, तो दुसऱ्या कुणाचा तरी होता. मग मी प्रश्न बदलला : 'पत्ता सांगू नका, फक्त एवढं लिहून द्या की या नंबरचं पार्सल माझ्या पत्त्यावर दिलेलं नाही.' ते त्यांनी दिलं. माझ्याच पिनकोडमधल्या दुसऱ्या कुणाला तरी रिकामं पाकीट गेलं होतं. ट्रॅकिंगवर नुसता पिनकोड दिसतो, त्याचा विक्रेत्याने घेतलेला हा फायदा.

अपील केलं. दोन ओळींचं पत्र आणि वजनाचा स्क्रीनशॉट, बस. पहिल्या तक्रारीत मी तीन परिच्छेद लिहिले होते, त्यात मी किती वर्षं पेनं जमवतोय हेही होतं. ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. अपिलात पैसे परत मिळाले. विक्रेत्याचं खातं मात्र महिनाभर तसंच चालू दिसत होतं, तो राग अजून आहे.

विकणारी_बाजू

निमंत्रण दिलंत म्हणून लिहिते. मी जुन्या शिलाई मशीनचे सुटे भाग विकते. इथे सगळे खरेदीदार बिचारे दिसतायत, म्हणून जरा दुसरी बाजू.

माझ्याकडून चालू मोटर घेऊन एकाने स्वतःची जळलेली मोटर परत पाठवली. 'आलीच बंद.' रिफंड गेला, मोटरही गेली. तेव्हापासून पॅक करण्याआधी प्रत्येक भागावरच्या सीरियल नंबरचा फोटो घेते आणि न दिसेल अशा जागी रंगाचा ठिपका लावते. पुढच्या वेळी असाच प्रकार झाला, तेव्हा ठिपक्याचा फोटो साईटला पाठवला आणि निकाल माझ्या बाजूने लागला.

बाकी धागाकर्तीच्या दुसऱ्या निरोपाबद्दल : असा निरोप आला की मला हायसं वाटतं. यात काय बिघडलंय, काय हवंय, कधीपर्यंत, सगळं आहे. ज्या निरोपात फक्त 'फसवलंत' असतं, त्याला उत्तर द्यायला मी संध्याकाळपर्यंत टाळाटाळ करते, हे कबूल. आणि कृपा करून पार्सल उघडतानाचे फोटो पॅकिंगसकट काढा. वाटेत फुटलेल्या वस्तूची भरपाई कुरियरकडून मागायची तर मला खोका लागतो, आणि तुम्ही तो पहिल्याच दिवशी फेकलेला असतो.

जुनी_फाईल

वाद मिटवण्याच्या या व्यवस्थेचा इतिहासही मजेशीर आहे. जरा अवांतर चालेल ना?

१९९५ मध्ये पिअर ओमिडियारने 'ऑक्शनवेब' सुरू केलं, तेच पुढे ईबे झालं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून सांगतात ती बिघडलेला लेझर पॉइंटर. १४.८३ डॉलरला गेला. ओमिडियारने घेणाऱ्याला विचारलं, हा बिघडलेला आहे हे कळलंय ना? तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. म्हणजे पहिल्याच सौद्यात विकणाऱ्याने स्वतःहून दोष सांगून खात्री करून घेतली होती! पुढे लिस्टिंगांमधून ही सवय कुठे गेली कोण जाणे.

वाद वाढायला लागल्यावर १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या ईथन कॅट्श यांच्या गटाने ईबेवरच्या भांडणांत ईमेलवरून मध्यस्थी करून बघितली. काही आठवड्यांतच दोनशेच्या आसपास तक्रारी आल्या. मग स्क्वेअरट्रेड नावाची कंपनी हे काम करू लागली. तिची युक्ती मला फार आवडते. कोऱ्या चौकटीत 'काय झालं ते लिहा' असं विचारण्याऐवजी ती आधी यादी पुढे ठेवायची : वस्तू आली नाही, वर्णनाशी जुळत नाही, फुटली. मग तुम्हाला काय हवंय त्याची यादी. शिव्या द्यायला जागाच उरायची नाही. बरीच भांडणं मध्यस्थ माणूस येण्याआधीच मिटायची. धागाकर्तीने तेराव्या दिवशी हाताने जे केलं, तेच हे.

पुढे हे सगळं यंत्राकडे गेलं. ईबेवर वर्षाला ६ कोटी वाद हाताळले जात, असा आकडा या विषयावरच्या लेखनात नेहमी येतो. आणि २००८ पासून तिथे विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट फीडबॅक देता येत नाही. त्याआधी दोघेही 'तू मला लाल (म्हणजे वाईट) शेरा दिलास तर मी तुला लाल देईन' म्हणून गप्प बसत. विक्रेत्यांना तो बदल अजून सलतो, आणि विकणारी_बाजूंचा मोटरचा किस्सा वाचल्यावर त्यांचं अगदीच चूक आहे असंही म्हणवत नाही.

नाणेघाशा

माझी चूक होती, तेही लिहावं म्हणतो. जुनं नाणं जिंकलं, आलं, हातात घेताच कळलं की नकली आहे. कडक निरोप टाइप केला. पाठवायच्या आधी पुरावा म्हणून लिस्टिंगचा स्क्रीनशॉट घ्यायला गेलो, तर शेवटच्या ओळीत 'प्रतिकृती' हा शब्द. स्पष्ट होता. बारीक अक्षरातही नव्हता. शीर्षकात मात्र नव्हता, तेवढीच माझी सबब.

निरोप बदलला : 'नीट वाचलं नाही, चूक माझी. पोस्टेज मी देतो, परत घ्याल का?' घेतलं बिचाऱ्याने, बांधील नसताना. तेव्हापासून स्क्रीनशॉट बोली लावायच्या आधी घेतो. लिलाव संपल्यावर लिस्टिंग काही काळाने गायब होते, हाही एक फायदा. पण खरं कारण म्हणजे स्क्रीनशॉट घेताना नाइलाजाने शेवटपर्यंत वाचून होतं.

हरलेली_बोली

मी लिलाव हरले होते, आणि तरी पैसे घालवले.

दुसऱ्या दिवशी ईमेल : 'पहिल्या बोलीदाराने माघार घेतली, तुमच्या शेवटच्या बोलीला वस्तू देतो.' अशी दुसरी संधी काही साईटवर खरोखरच असते, म्हणून संशय आला नाही. फक्त पैसे थेट खात्यात मागितले, 'साईटचं कमिशन वाचेल, ते तुम्हालाच सूट म्हणून देतो.' साईटला कळवलं तेव्हा त्यांनी सभ्यपणे सांगितलं की हा सौदा आमच्याकडे झालेलाच नाही. बँकेने सांगितलं की तुम्ही स्वतः पाठवलेत. दोघांचंही बरोबर होतं. खरी संधी असती तर ती साईटवरच्या माझ्या निरोपांच्या पेटीत दिसली असती, नुसत्या ईमेलमध्ये नाही. एवढं बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

कार्डवाला

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडून चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे उलटे फिरवून, मागता येतो, पण घाई नको. बऱ्याच साईटवर चार्जबॅक टाकला की त्यांची स्वतःची केस तिथेच थांबते, आणि बँकेने नाही म्हटलं तर दोन्ही दारं बंद. मी आधी साईटवर शेवटपर्यंत गेलो, तिथला नकार लेखी घेतला आणि तोच बँकेला पुरावा म्हणून लावला. मधल्या काळात बँकेची मुदतही मोजत होतो. चार महिने लागले, पण मिळाले.

रेकॉर्डप्लेअर

अर्ध्या रिफंडबद्दल कुणी लिहिलं नाही. ग्रामोफोनची तबकडी, एका बाजूला ओरखडा, दुसरी बाजू झकास. विक्रेता म्हणाला परत पाठवा. मी म्हटलं, ठेवतो, थोडे पैसे द्या. तयार झाला, पण 'आधी चांगला फीडबॅक द्या.' मी नाही दिला. 'पैसे आले की जे घडलं ते लिहीन, मिटवलंत हेही लिहीन' एवढंच कळवलं, तेही साईटच्या निरोपातून, व्हॉट्सअॅपवर नाही. दोन दिवस शांतता, मग पैसे आले. मी कबूल केल्याप्रमाणे लिहिलं. ओरखडा नेमका माझ्या आवडत्या गाण्यावर आहे, त्याचं काही करता येत नाही.

आत्ताच_आले

सगळं वाचलं नाही अजून, माफ करा. माझं चालू भांडण आहे. टाइपरायटर आलाय, तीन कळा दबत नाहीत, वर्णनात 'पूर्ण चालू' होतं. विक्रेता म्हणतोय पुढच्या आठवड्यात बोलू. साईटची मुदत परवा संपतेय. त्याला लिहायचा निरोप इथे टाकते, जरा बघून सांगाल का?

धागाकर्ती

निरोप नंतर बघू. आधी केस उघडा आणि मग इथे या.

आत्ताच_आले

उघडली. कळा दबताना, म्हणजे न दबताना, व्हिडिओ काढून जोडला. आता टाकू का निरोप?