दिल्ली–टोकियो विमानाला नक्की किती तास लागतात? (तातडीने मदत हवी आहे)

सायली_के: शुक्रवारी निघायचंय आणि हिशेब काही केल्या जुळत नाहीये. अंतर सुमारे ५,८५० किमी, म्हणजे सात तास, असं एका साइटवर दिसतंय. तिकिटावरच्या वेळा धरल्या तर जाताना सव्वाअकरा तास होतात आणि येताना सहाच! खरं काय? आई सोबत येतेय, मला नेमके तास हवेत. जाणकारांनी लवकर सांगा.

रानवारा: थेट विमान आहे की मध्ये बदलायचंय? वेळा तरी टाका.

सायली_के: थेटच आहे हो. जाताना रात्री ८ ते सकाळी ७.१५. येताना सकाळी ११.१५ ते संध्याकाळी ५.१५.

भटकी_मी: टोकियोचं कोणतं विमानतळ, हानेदा की नारिता? नारिता शहरापासून ६० किमीच्या आसपास पडतं. वयस्कर माणसं असतील तर हानेदाच घ्या.

सायली_के: तिकीट कधीच काढून झालंय.

घड्याळजी: तिकिटावर निघायची वेळ दिल्लीची आणि पोचायची टोकियोची असते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. सव्वाअकरातून साडेतीन वजा करा, पावणेआठ. परतीच्या सहात साडेतीन मिळवा, साडेनऊ. दोन्ही देशांत उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे हा फरक बारा महिने तोच.

सायली_के: मग येताना पावणेदोन तास जास्त का? अंतर तेच ना?

वारकरी_आकाशाचा: जेट स्ट्रीम. उंचावरचा हा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. हिवाळ्यात जपानवर तो फार जोरात असतो.
अवांतर: जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात जपानमधल्या तातेनोहून फुगे सोडून हा वारा मोजला होता. अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत लिहिला, त्यामुळे जगात फारसा कुणी वाचलाच नाही. इतकं मोठं काम, वाईट वाटतं.

रानवारा: सगळं वाऱ्यावर नका टाकू. नकाशावरची सरळ रेघ तिबेटवरून जाते. तिथलं पठारच सरासरी ४,५०० मीटर उंच. केबिनमधला दाब गेला तर विमानाला १०,००० फुटांपर्यंत (सुमारे ३,००० मीटर) खाली यावं लागतं, तिथे जमीनच त्याहून वर! म्हणून दक्षिणेकडून वळसा घेतात.

वारकरी_आकाशाचा: वळसा जाताना पडतो तसा येतानाही पडतोच की. तिचा प्रश्न फरकाचा आहे.

घड्याळजी: सायली, मिनिटांपर्यंत हिशेब कशासाठी हवाय?

सायली_के: आईचं इन्सुलिन. जेवणाआधी एक आणि रात्री ११ वाजता जास्त वेळ काम करणारं एक. तिकडच्या ११ ला द्यायचं की इकडच्या?

भटकी_मी: अगं, हे आधी सांगायचंस! वेळ डॉक्टरच ठरवतील. पूर्वेला जाताना दिवस साडेतीन तासांनी आखूड होतो, येताना तेवढाच लांबतो, हे त्यांना तिकीट दाखवून सांग. इन्सुलिनचं पेन केबिनच्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. खालच्या सामानात गोठू शकतं.

सायली_के: वहीत दोन रकाने केलेत, दिल्लीची वेळ आणि टोकियोची वेळ. उद्या डॉक्टरांकडे जातेय. विमानात जेवण कधी देतात?

भटकी_मी: नक्की नसतं, हवा खराब असली की लांबतं. ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इंजेक्शन देऊ नकोस. आणि जवळ साखर ठेव.