बाल्साचं (हलक्या लाकडाचं) पहिलं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान बांधायचंय, किट निवडायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोमच्या ट्रेनरवर, म्हणजे चार चॅनलच्या (रिमोटवरून चार गोष्टी वेगवेगळ्या चालवता येणाऱ्या) शिकाऊ विमानावर वर्षभर उडवून हात बऱ्यापैकी बसलाय. आडवा वारा असला तरी विमान नीट उतरवतो. आता स्वतः बांधलेलं विमान उडवायचंय. तयार सांगाड्यात मोटर आणि सर्व्हो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवायचे नाहीत, नकाशावर एकेक रिब (पंखाची आडवी फासळी) चिकटवत पंख उभा करायचाय. पण पहिलं किट कुठलं घ्यावं, यावर दोन महिने घोळ चाललाय.

आधी बाल्साचं एक छोटं ग्लायडर बांधलं होतं. किट जुनं, डाय-कट, म्हणजे भाग धारदार साच्याने दाबून कापलेले. साच्याची धार गेलेली असावी, कारण रिबच्या कडा कापल्या जाण्याऐवजी चेपल्या गेल्या होत्या. फळीतून सोडवताना चार रिबची मागची निमुळती टोकं तुटून हातात आली. ती जोडली, सँडपेपरने घासून सारखी केली, तिथवर ठीक होतं. नुकसान झालं ते पुढे. पांढरा गोंद पुरता वाळायच्या आत मी डावा पंख पाटावरून उचलला. सकाळी टेबलावर ठेवून पाहिला तर टोकाकडे मागची कड ३ मिलिमीटर वर उचललेली. कव्हरिंग (सांगाड्यावरचं पातळ आवरण) ताणल्यावर तो पीळ कायमचा बसला आणि ग्लायडर दर वेळी डावीकडेच कलायचं. आठ दिवस खपून बांधलेलं होतं, फार वाईट वाटलं.

तेव्हा लेझर-कट किटच घ्यायचं, एवढं नक्की केलंय. भागांना खाचा असल्या की ते एकमेकांत बसतात आणि सांगाडा सरळ राहायला मदत होते, असं अनुभवी लोक सांगतात. शिवाय नकाशा पूर्ण मापाचा हवा.

खरा पेच आकाराचा आणि चॅनलचा आहे. सिग कंपनीच्या कडेट सीनियर या किटचा पंख ७८ इंच, म्हणजे जवळजवळ २ मीटर. मूळ आराखड्यात एलरॉन (विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या) नाहीत. पंख दोन्ही बाजूंना वर उचललेले असल्यामुळे रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) दिलं की विमान आपोआप कलतं आणि वळतं. त्याच कंपनीचं कडेट एलटी-४० हे ७० इंची, एलरॉनसकट. मला एलरॉनची सवय आहे, पण एलरॉन नसले की पंखात बिजागऱ्या, जोडदांडे, जादा सर्व्हो काहीच नको, म्हणजे चुकायच्या जागाही कमी. सवयीचं घ्यावं की बांधायला सोपं? मोठं विमान हवेत लांबून स्पष्ट दिसतं आणि सावकाश उडतं हे पटतं. पण २ मीटरच्या पंखासाठी तेवढाच सपाट पाट लागणार ना? पंख दोन तुकड्यांत बांधून मध्ये जोडताना कोन बरोबर कसा राखता? १.२ मीटरच्या आसपासचं किट घेतलं तर काड्या इतक्या बारीक असतात की माझ्या हातून पुन्हा पीळ पडेल, अशी धास्ती वाटते.

दुसरं म्हणजे अशी बरीच किट मुळात ग्लो इंजिनसाठी (इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनसाठी) आखलेली आहेत. एलटी-४० मधलं '४०' म्हणजे ०.४० घन इंच, साधारण साडेसहा सीसीचं इंजिन. मला विजेची मोटर आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बसवायची आहे. बॅटरीसाठी वरून उघडणारं झाकण बांधतानाच करून घ्यायचं की धड पूर्ण झाल्यावर कापायचं? आणि बॅटरी पुढेमागे सरकवून गुरुत्वमध्य नकाशातल्या खुणेवर येतो का, की नाकात शिसं घालावंच लागतं? शिसं घालायला जिवावर येतं, एवढं हलकं लाकूड वापरून वर वजन चढवायचं.

गोंदाचंही सांगा. सायनो (झटपट चिकटणारा पातळ गोंद) क्षणात धरतो, मग वाकडं लागलं तर सुधारायला वेळच उरत नाही. फायरवॉलला (नाकातल्या मोटर बसवायच्या फळीला) इपॉक्सी लावणार आहे, पण बाकी सगळं पांढऱ्या गोंदानेच करावं असा विचार आहे. वेळ जाईना का, घाई नाही.

पहिलंच किट बांधून ते प्रत्यक्ष उडवलंय अशांनी नावासकट सांगितलं तर फार उपयोग होईल. आणि पिना लावलेला पंख पाटावरून उचलण्याआधी तुम्ही किती तास थांबता, तेही जरूर लिहा.