जुन्या पीसीत आय-७ प्रोसेसर टाकू की नको?

कपाशीवाला, पाचोरा:
राम राम मंडळी. माझं झेरॉक्सचं दुकान. पासपोर्ट फोटो, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म. पीसी २०१२ चा: आय-३ २१२० (दुसरी पिढी), एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. फोटोशॉप उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येतं. जळगावला गोलाणी मार्केटात जुना आय-७ ३७७० साडेतीन हजारांत मिळतोय. २ कोअरच्या (प्रोसेसरमधले राबणारे भाग) जागी ४, थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) ८. माझं मत, टाकूनच घ्यावा. चुकत असेन तर सांगा.

भुसावळी:
चुकतंय. आधी विंडोजचा टास्क मॅनेजर उघड, कोणता भाग किती राबतोय ते दिसेल. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर आय-७ बसून राहील. गाडी चिखलात रुतली आणि तू बैल बदलतोय! एसएसडी (हार्डडिस्कऐवजी चिपवाली डिस्क) टाक, रॅम ८ कर.

धुळेकर:
एसएसडी म्हणजे हल्ली झंडू बामच झालाय. एच६१ वर साटा (डिस्कची जोडणी) ३ जीबीपीएसचाच, निम्मा वेग वायाच. मी हाच ३७७० टाकलाय, फोटोशॉपचे फिल्टर आता अडकत नाहीत.

भुसावळी:
निम्मा का असेना. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली वाचतं, हार्डडिस्कची सुई इकडून तिकडे पळण्यातच वेळ जातो. एसएसडीला सुईच नाही.

जुनं खोड, चोपडा:
१९९९ ला मीही हेच केलं होतं. बोर्ड स्लॉट-१ चा, म्हणजे प्रोसेसर उभ्या खाचेत बसायचा, पेंटियम-२ वाला. त्यात सॉकेट ३७० (चपटी बैठक) चा सेलेरॉन बसवायला स्लॉटकेट नावाचं उभं कार्ड मिळायचं. बसवलं, स्क्रीन काळी. बायोसला (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) नवा प्रोसेसर ओळखताच येईना. दोन दिवस गेले. तुझंही तेच होईल बरं का. ३७७० तिसऱ्या पिढीचा, म्हणून जुना आय-३ काढायच्या आधी बायोस अपडेट कर, आणि तेही यूपीएसवर. मध्येच लाईट गेली तर बोर्ड गेलाच समज. ती कटकट नको असेल तर दुसऱ्या पिढीचा आय-७ २६०० बघ. तो ९५ वॅटचा, ३७७० ७७ चा. मे महिन्यात तापण्यातला फरक कळेल.

केळीवाला, यावल:
सगळंच पाण्यात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. लोकांचे आधार, पासबुकं त्याच मशीनवर स्कॅन करतोस ना? नवीन घे.

धुळेकर:
तुन्हं खरं शे भो, पन पैसा? कापसाचा भाव बघितला का?

कपाशीवाला, पाचोरा:
बघितलं. डिस्क १००, प्रोसेसर ३५. फोटो सेव्ह करताना मात्र प्रोसेसरही १०० ला भिडतो, म्हणजे धुळेकरही खोटा नाही. खोका उघडला तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर कापसाची गादी! समोरच जिनिंग आहे. ब्रशने काढली, थर्मल पेस्ट लावली, पंख्याची घरघर गेली. सध्या एसएसडी घेतो. आय-७ वाल्याला दिवाळीनंतर सांगतो म्हणालो.

धुळेकर:
दिवाळीनंतर तो अडीचला देईल. तेव्हा घे.