औद्योगिक विकास महामंडळाला सरकार पैसा देते की देत नाही?

लातूरचा लघुउद्योजक:

नमस्कार. आमच्या जिल्ह्यातील लघुउद्योजकांच्या संघटनेतर्फे पालकमंत्र्यांना एक निवेदन द्यायचे ठरले असून त्याचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मराठवाड्यातील औद्योगिक वसाहतींमधले रस्ते, पाणी आणि सांडपाणी प्रक्रिया यांसाठी राज्य सरकारने अर्थसंकल्पातून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाला दरवर्षी थेट अनुदान द्यावे, ही त्यातली मुख्य मागणी आहे. मसुदा वाचून दाखवताच बैठकीत दोन तट पडले. एका ज्येष्ठ सदस्यांनी सांगितले की एमआयडीसी स्वतःच्या पायावर उभी आहे, सरकारकडून ती दमडीही घेत नाही, तेव्हा अशी मागणी मंत्रालयात कोणी वाचणारही नाही. दुसऱ्या सदस्यांच्या मते हे सारे करदात्यांच्याच पैशावर चालते आणि ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द केवळ वार्षिक अहवालात शोभणारा आहे.

मी स्वतः यंत्रभाग बनवतो. सार्वजनिक वित्ताचा माझा अभ्यास नाही. या महामंडळाचा पैसा कायद्याने कोठून येतो, तो पुरतो का, आणि आमच्यासारख्यांनी अनुदान मागणे कितपत योग्य आहे, हे जाणकारांनी सांगितल्यास मसुदा नीट लिहिता येईल.

निवृत्त लेखाधिकारी:

आपल्या दोन्ही सदस्यांचे म्हणणे अर्धे अर्धे खरे आहे, आणि याचे कारण महामंडळाच्या जन्मातच आहे. राज्यात १९६० साली औद्योगिक विकास मंडळ नेमले गेले आणि ठाण्याची वागळे इस्टेट त्याच काळात आकाराला आली. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ संमत होऊन १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. हे कंपनी कायद्याखालचे महामंडळ नव्हे, तर विधिमंडळाने स्वतंत्र कायद्याने निर्माण केलेले आहे, हे लक्षात ठेवावे. त्याचा स्वतःचा निधी असतो. त्या निधीत राज्य सरकारची अनुदाने व कर्जे येऊ शकतात, सरकारच्या पूर्वमान्यतेने उभारलेली कर्जे येऊ शकतात, भूखंड मिळण्यापूर्वी उद्योजकांनी भरलेल्या ठेवी येतात, आणि जमिनीचे अधिमूल्य (भाडेपट्ट्यापोटी एकदाच घेतली जाणारी किंमत), भाडे व सेवाशुल्क येते. म्हणजे अनुदानाची वाट कायद्यातच आहे. आपल्या ज्येष्ठ सदस्यांचा तेवढा मुद्दा टिकत नाही.

मात्र व्यवहारात महामंडळ मुख्यतः जमीन आणि पाणी यांच्या उत्पन्नावर चालत आले आहे. भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला जातो, त्याचे अधिमूल्य सुरुवातीलाच एकरकमी घेतले जाते आणि त्यानंतरचे वार्षिक भाडे एक रुपया, म्हणजे नावापुरते असते. माझ्या मते सगळा पेच येथेच आहे. जमिनीचे उत्पन्न एकदाच येते, पण त्या वसाहतीतले रस्ते, गटारे, दिवे आणि अग्निशमन केंद्र ९५ वर्षे सांभाळायचे असतात. नवे भूखंड विकले जात आहेत तोवर जुन्या वसाहतीचा खर्च नव्या वसाहतीच्या अधिमूल्यातून भागतो. विक्री थंडावली की तंगी दिसू लागते. सेवाशुल्क आणि हस्तांतरण शुल्क यांनी थोडा आधार मिळतो. खरा भरवशाचा झरा पाण्याचा आहे. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे उदाहरण घ्या: उद्योगांसाठी बांधलेल्या त्या व्यवस्थेतून आज ठाणे जिल्ह्यातल्या शहरांनाही पाणी जाते आणि त्याची पट्टी दरमहा आकारली जाते.

दुसरी गोष्ट न्यायालयाची. महामंडळ हे जमिनीचा व्यापार करणारे मंडळ आहे, आणि व्यापारी महामंडळे हा केंद्राचा विषय आहे, म्हणून त्याचा कायदा करण्याचा अधिकार राज्याला नाही, असा आक्षेप रामतनू सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात घेतला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये तो फेटाळला. व्यापार हा या मंडळाचा हेतू नसून उद्योगांची वाढ हा आहे, आणि भूखंडांची विल्हेवाट हे त्या कामाचे केवळ साधन आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. प्राप्तिकराच्या बाबतीतही हाच वाद नव्या वेषात आला. अशा प्राधिकरणांना कलम १०(२०क) खाली मिळणारी सवलत २००२ च्या वित्त अधिनियमाने काढून टाकली, आणि वैधानिक मंडळे आपल्या कामासाठी घेतात ते शुल्क कधी ‘व्यापारी’ ठरते याची चर्चा सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सविस्तर करावी लागली.

जमीन गेलेल्या घरातला:

लेखाधिकारी साहेबांचे विवेचन हिशेबाच्या वहीपुरते अचूक आहे, पण वहीत न येणारी रक्कम त्यातून सुटली. आमची कोरडवाहू जमीन काही दशकांपूर्वी एका वसाहतीसाठी गेली. कोणत्या, ते येथे महत्त्वाचे नाही. त्या वेळी आमच्या हाती आलेला दर आणि पुढे त्याच जमिनीच्या भूखंडांना लागलेला दर यांतील अंतर हेच महामंडळाचे खरे भांडवल होते. विकासाचा खर्च झाला, हे मला मान्य आहे. रस्ता, वीज, पाणी फुकट येत नाही, आणि बरीच जमीन रस्ते व मोकळ्या जागांत जाते हेही मला ठाऊक आहे. तरीही सक्तीने जमीन घेण्याची ताकद सरकारने या मंडळाच्या मागे उभी केली नसती, तर हे गणित जमलेच नसते. सरकारने धनादेश दिला नाही, अधिकार दिला, आणि त्याची किंमत सातबाऱ्यावरच्या माणसांनी भरली.

सिडकोकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट दिसते. १९७० साली ३.९५ कोटी रुपयांच्या भागभांडवलावर सुरू झालेल्या त्या कंपनीने नवी मुंबई उभारली. एवढ्या पैशात शहर उभे राहत नाही. ते जमिनीवर उभे राहिले.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा–बिडकीन येथील ऑरिक या औद्योगिक नगरीत तर ही गोष्ट भागधारणेतच लिहिलेली आहे. दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेतल्या त्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा एमआयडीसीचा आणि ४९ टक्के केंद्राच्या न्यासाचा आहे. राज्याची बाजू प्रामुख्याने जमिनीच्या रूपाने आली आणि केंद्राची रोख रकमेने. म्हणजे जमीन हा सार्वजनिक पैसाच आहे, हे सरकारला स्वतःलाही मान्य आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर भरपाईचे गणित बदलले, शंभर टक्के दिलासा रक्कम (म्हणजे भरपाईइतकीच आणखी रक्कम) आणि ग्रामीण भागासाठी बाजारभाव वाढवून धरणारा गुणक आला, तेव्हापासून स्वस्त जमिनीवर चालणारी ही व्यवस्था आपोआप महाग झाली आहे. एमआयडीसीला आता अनुदानाची गरज भासत असेल, तर त्याचे एक कारण हेही आहे की पूर्वी आम्ही जे न मागता देत होतो, ते आता द्यावे लागत नाही.

फोंड्याहून:

गोव्याचे उदाहरण या चर्चेत उपयोगी पडेल असे वाटते. आमचे औद्योगिक विकास महामंडळ १९६५ च्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याचीही रीत तीच: जमीन घ्या, वसाहत आखा, भूखंड भाडेपट्ट्याने द्या. वर ठेवींचा उल्लेख आला आहे, त्याची दुसरी बाजू आम्ही पाहिली. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी सुमारे ३८ लाख चौरस मीटर जमीन सात प्रवर्तकांना दिली गेली. लोकांचा विरोध पेटल्यावर २००७ च्या अखेरीस सरकारने ते धोरणच मागे घेतले आणि प्रकरण न्यायालयात गेले. जमीन परत मिळवण्यासाठी २०१८ मध्ये व्याजासह अडीचशे कोटींहून अधिक रक्कम प्रवर्तकांना परत करावी लागली, आणि त्यात व्याजाचा भाग मुद्दलाच्या जवळपास होता.

एवढ्या लहान राज्याच्या महामंडळासाठी ही रक्कम केवढी, याची कल्पना आपण करू शकता. ठेव आणि अधिमूल्य जमा होते तेव्हा ते उत्पन्नासारखे भासते, परंतु वाटप चुकीचे ठरले की तेच देणे होऊन बसते आणि अखेर त्याचा भार सार्वजनिक तिजोरीकडेच वळतो. म्हणून ‘महामंडळ सरकारकडून काही घेत नाही’ हे विधान ज्या वर्षी केले त्या वर्षापुरतेच खरे धरावे. (आमच्याकडे त्या काळात हे वाक्य पुष्कळ वेळा ऐकले होते.)

निवृत्त लेखाधिकारी:

जमिनीविषयीचा आक्षेप मी मान्य करतो. तो माझ्या उत्तरात यायला हवा होता. एका गोष्टीवर मात्र माझा आग्रह कायम आहे. सार्वजनिक पैसा कोणत्या रूपाने दिला, यावर संस्थेचे आयुष्य ठरते. मराठवाडा विकास महामंडळ १९६७ साली आणि विदर्भ, कोकण व पश्चिम महाराष्ट्र यांची महामंडळे १९७० साली निघाली. ती सरकारी भागभांडवलावर आणि कर्जावर चालणारी होती आणि त्यांनी स्वतःच उपकंपन्या काढून उद्योग करण्याचा मार्ग धरला. त्यांपैकी बहुतेक उपकंपन्या डबघाईला आल्या, आणि महामंडळांची नावे पुढे लेखापरीक्षणाच्या अहवालांपुरतीच उरली. एमआयडीसी टिकली, कारण तिने कारखाना चालवण्याचा मोह टाळला आणि आपल्याकडे जमीन व पाणी या दोनच गोष्टी ठेवल्या. मराठवाड्याच्या नावाने पुन्हा वेगळे महामंडळ आणि त्याला वेगळे अनुदान, अशी मागणी कोणी सुचवत असेल, तर हा इतिहास आधी वाचावा.

आणखी एक गल्लत टाळा. सामूहिक प्रोत्साहन योजनेचे पैसे, म्हणजे १९६४ पासून मागास भागांतल्या उद्योगांना मिळत आलेली प्रोत्साहने, उद्योग विभागाच्या तरतुदीतून आणि उद्योग संचालनालयामार्फत थेट उद्योगाला मिळतात. ते एमआयडीसीचे उत्पन्न नव्हे. निवेदनात हे दोन्ही एकत्र केले, तर मंत्रालयातला कक्ष अधिकारी पहिल्याच परिच्छेदावर लाल शेरा मारील, आणि ते योग्यच ठरेल.

लातूरचा लघुउद्योजक:

सर्वांचे आभार. मग मागणी नेमकी कशी मांडावी? आमच्याकडे भूखंडाचा दर ठाणे किंवा चाकणच्या तुलनेत फारच कमी असतो, त्यामुळे वसाहतीचा खर्च त्याच वसाहतीच्या अधिमूल्यातून निघणे अवघड दिसते. याचा अर्थ आज मुंबई–पुण्याच्या भूखंडांतून आमचे रस्ते होतात, असा घ्यावा का?

निवृत्त लेखाधिकारी:

मोठ्या प्रमाणावर होय, आणि हा पैसा प्रदेशनिहाय किती वळतो हे सर्वसामान्य वाचकाला सहज दिसेल अशा रीतीने मांडलेले नसते. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासाची तूट, मोजला, केळकर समितीने २०१३ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा नव्याने विचार केला; पण एमआयडीसीच्या आतला हा प्रवाह त्या चर्चांमध्ये मध्यभागी कधी आला नाही.

म्हणून माझी सूचना अशी: सरसकट वार्षिक अनुदान मागू नये. ते पगारात आणि देखभालीत विरून जाते, आणि एकदा सवय लागली की सेवाशुल्काची वसुली ढिली पडते. त्याऐवजी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रासारख्या एका ठरावीक भांडवली कामाचा खर्च मागावा, त्यात उद्योजकांचा हिस्सा किती हे आपणच आधी लिहून द्यावे, आणि सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास योजनेतून केंद्राचा हिस्सा मिळतो का हे जिल्हा उद्योग केंद्रात पडताळून पाहावे. जोडीला, आपल्या वसाहतीत गेल्या दहा वर्षांत अधिमूल्य, पाणीपट्टी व सेवाशुल्कापोटी किती जमा झाले आणि तेथेच किती खर्च झाले, याचा तक्ता महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागा. तो हाती आल्याशिवाय पालकमंत्र्यांची वेळ घेऊ नका.

जमीन गेलेल्या घरातला:

त्या तक्त्यात आणखी एक रकाना मागावा, ही विनंती: वसाहतीसाठी संपादन झालेली एकूण जमीन, तीपैकी वाटप झालेली, आणि वाटप होऊनही मुदतीत इमारत पूर्णत्वाचा दाखला न घेतल्याने पडून असलेली. रिकाम्या भूखंडात आमचा आणि तुमचा, दोघांचाही पैसा अडकलेला आहे. तो मोकळा झाला तर अनुदानाची रक्कम कदाचित निम्मीच मागावी लागेल.

लातूरचा लघुउद्योजक:

हा रकाना मी अर्जात घातला आहे. अर्ज सोमवारी देत आहे. मसुद्यातून ‘दरवर्षी थेट अनुदान’ हे शब्द तूर्त काढले असून, तक्ता आल्यावर आकड्यांसह येथेच लिहीन.