शब्दचर्चा : क्रिमियाचं 'विलीनीकरण' की बळकावणं?

प्रश्न (खानापूर) : युक्रेनचा क्रिमिया द्वीपकल्प २०१४ला रशियानं घेतला, त्याबद्दल रशिया-युक्रेनवरच्या मराठी लेखांत 'क्रिमियाचं विलीनीकरण' सर्रास दिसतं. शब्द बरोबर आहे का? 'अफवा' आणि 'अपप्रचार' यांतला फरकही कुणीतरी सांगा.

निपाणी : अक्का, आपल्याकडं तरी तो वापरू नका. विलीनीकरण म्हटलं की आपल्याला १९४९ साली मुंबई प्रांतात आलेलं कोल्हापूर संस्थान आठवतं, नाहीतर कर्नाटकातल्या आपल्या मराठी सीमाभागाची महाराष्ट्रात जायची मागणी. म्हणजे जाणाऱ्याची इच्छा, निदान सही तरी त्यात आली. क्रिमियात २७ फेब्रुवारी २०१४ला बिल्ले नसलेल्या रशियन सैनिकांनी विधिमंडळाची इमारत ताब्यात घेतली आणि १६ मार्चला, सगळीकडं बंदूकधारी उभे असताना, रशियात जाण्यावर सार्वमत उरकलं. २७ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १०० विरुद्ध ११ मतांनी ते अग्राह्य ठरवलं. ५८ देश तटस्थ राहिले. याला मराठीत बळकावणंच म्हणतात. नुसता 'ताबा' अपुरा पडतो, कारण रशियानं स्वतःच्या कायद्यात क्रिमिया आपला प्रांत करून टाकला.

शहापूर, बेळगाव : 'पुनर्मीलन' त्याहून वाईट. मॉस्कोचा आवडता शब्द तोच. 'पुनर्' लावलं की 'आधी एकच होते' हे न सांगता पटवलं जातं. १६५४ला युक्रेनमधल्या पेरेयास्लावला कोसॅकांनी, म्हणजे तिथल्या लढवय्यांनी, झारशी (रशियाच्या सम्राटाशी) निष्ठेची शपथ घेतली, ती पोलंडशी लढायला पाठबळ हवं म्हणून. सोव्हिएत राजवटीनं १९५४ साली त्याची त्रिशताब्दी केली आणि नाव दिलं 'युक्रेनचं रशियाशी पुनर्मीलन'.

तसंच 'अदीन नारोद' या रशियन शब्दजोडीचं. पुतिन यांच्या १२ जुलै २०२१च्या लेखात रशियन आणि युक्रेनियन यांना असं म्हटलंय. 'एक जनता' केलंत तर फसाल. मराठीत जनता एका सरकारच्या अमलाखालची, म्हणजे दावा तुम्हीच पुरा करून दिला. 'एक राष्ट्र'ही नको, राष्ट्राला रशियनमध्ये वेगळा शब्द आहे. कन्नड मजकुरावरून उतरवताना 'जनांग'चा 'वंश' होतो, तेही चुकतं. 'एकच लोक' ठेवा, अवतरणात, आणि दावा कुणाचा ते त्याच वाक्यात लिहा.

चिकोडी : अफवा आपोआप पसरते, कन्नडमध्ये तर तिला 'गाळीसुद्दी' म्हणतात, वाऱ्यावरची बातमी. अपप्रचार कुणीतरी जाणूनबुजून चालवतो, म्हणून वाक्यात कर्ता हवाच. 'युक्रेनियन ही रशियनचीच बोली, वेगळी भाषा नाही' अशी अफवा आहे, असं लिहू नका. झारनं १८७६च्या एम्स हुकमानं युक्रेनियन पुस्तकं छापायला बंदी घातली होती. राज्यकर्त्यांनी चालवलेल्या गोष्टीला अफवा कसं म्हणायचं?

खानापूर : मग 'रशियानं २०१४मध्ये बळकावलेला क्रिमिया आणि युक्रेनचा पूर्व सीमाभाग' असं शीर्षक चालेल?

निपाणी : पहिलं चालेल. 'सीमाभाग' तेवढा काढा. आपल्या वाचकाला त्यात निपाणी-खानापूरच दिसणार. 'रशियाच्या सरहद्दीलगतचा पट्टा' करा.